मशीनला तोंड नसतं

पोलादपूरच्या पोस्टात सोमवारी थैली फोडली, तेव्हा पळसकोंडच्या नावाचा, सुतळीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा बाहेर पडला. एरवी पळसकोंडला दिवसाकाठी चार-पाच पत्रं यायची. दोन मुंबईहून, एक कुणाच्या तरी सासुरवाडीचं आणि एखादं सरकारी. या गठ्ठ्यात त्रेसष्ट कार्डं होती आणि गावात घरंही त्रेसष्टच.

"काय काशीराम, तुमच्याकडे निवडणूक लागली की काय?" पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून विचारलं.

काशीराम हाटेने वरचं कार्ड हातात घेतलं. अक्षरं ठिपक्याठिपक्यांची होती, रांगोळीचे ठिपके मांडून रेघा ओढायच्या राहून गेल्यासारखी. भाषा मराठी, पण लिपी इंग्रजी. वर मुंबईच्या कुठल्याशा 'ग्रामकुटुंब अभ्यास मंडळा'चं नाव. ते वाचलं आणि त्याला शिमग्यानंतर गावात आलेली ती फॉर्मवाली बाई आठवली.

काशीराम एकवीस वर्षं पळसकोंडचं टपाल वाटत होता. तो महाडला मॅट्रिकपर्यंत शिकलेला. गावात बहुतेकांना अक्षरओळख बेताचीच, त्यामुळे पत्र नुसतं देऊन भागत नसे. ते वाचून दाखवायचं, उत्तर लिहायचं आणि मधल्यामध्ये कुणी रडलं तर थांबायचं, हे सगळं त्याच्याकडेच असे. ज्या ओटीच्या पायरीवर त्याच्या बापाला पाय ठेवू दिला जात नव्हता, त्या ओटीवर आता काशीरामला पाट मिळे, चहा मिळे. बौद्धवाडीतला हा पहिलाच माणूस, की ज्याची वरच्या आळीत वाट पाहिली जाई. ही इज्जत कशावर उभी आहे हे काशीरामला पक्कं ठाऊक होतं. एका घरात वाचलेलं त्या घराचा उंबरा ओलांडत नसे. सुंदराबाई, त्याची बायको, कधीकधी वैतागायची. "सगळ्या गावचं पोटात घालून येताव, आनि घरात एक शब्द नाय!" तो म्हणायचा, "भाकर वाढ."

शिमग्यानंतर मुंबईहून चष्मेवाली ती तरुण बाई आली आणि तीन दिवस शाळेत फॉर्म भरत बसली. फॉर्ममध्ये प्रश्न चौसष्ट. घरात माणसं किती, ढोरं किती इथून सुरुवात. मग हळूहळू गाडी घसरत घसरत घरात कोण कोणाला घाबरतं, घरच्यांपासून काय लपवता, इथवर जाई. पहिल्या दिवशी लोक गप्प बसले. तेव्हा बाई म्हणाली, "अहो, हे माणसाच्या हातात पडणारच नाही. सगळं कॉम्प्युटरमध्ये जाणार. फक्त मशीनला कळणार."

"मशीनला तोंड हाय का?" कोंडाजी उतेकरांनी विचारलं.

"नाही."

"मंग लिवा."

आणि मग जे पळसकोंडने कधी देवाला सांगितलं नव्हतं, ते मशीनला सांगितलं.

काशीराम नदीकाठच्या वाटेने गावाकडे निघाला. उघडं कार्ड वाचू नये असा पोस्टाचा नियम आहे. पण नजर पत्त्यावरून घसरते ती मजकुरावरच पडते, आणि तसंही पुढच्या तासाभरात ते त्यालाच वाचायचं होतं. वाटेतल्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी एका दगडावर बसून त्याने पहिलं कार्ड वाचलं.

'श्री. कोंडाजी उतेकर यांस. आपल्या उत्तरांवरून यंत्राचा निष्कर्ष. आपण पत्नीस घाबरता. प्रमाण शेकडा ९१. सल्ला. मन मोकळे करावे.'

काशीरामने इकडेतिकडे पाहिलं. कोंडाजी म्हणजे गावातल्या वादात शेवटचा शब्द. त्यांच्या मिशांना तालुक्याचा फौजदार नमस्कार करी. काशीरामने दुसरं कार्ड उचललं. 'श्रीमती आनंदीबाई शेलार. आपली श्रवणशक्ती उत्तम आहे. बहिरेपणाचे नाटक बंद केल्यास सुनांशी संबंध सुधारतील.' आनंदीबाई अकरा वर्षं ठार बहिऱ्या होत्या. त्यांच्या दोन्ही सुना त्यांच्या तोंडासमोर बसून वाटेल ते बोलत.

भागोजीचे गुडघे निरोगी निघाले होते. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर तो दर आठवड्याला शेकायला जाई, 'त्याचे खरे कारण कामाचा कंटाळा असावे.' काशीरामच्या स्वतःच्या घरच्या कार्डावर मात्र एवढंच होतं, की मांजर पाळावी. सुंदराबाईने मशीनकडे फक्त उंदरांची तक्रार केली होती. एकवीस वर्षांत काशीरामला बायकोचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

गठ्ठा पऱ्ह्यात सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं. पण टपाल बुडवणं म्हणजे नोकरी गेली, वर पोलीस. आणि कुठलंही कार्ड बुडवणं त्याच्या हाताला जमलं नसतं. तो उठला.

वरच्या आळीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. कोंडाजींच्या ओटीवर पंधरा-वीस माणसं जमलेली, आत दाराआड कोंडाजींची बायको रखमाबाई हात पदराला पुसत उभी.

"मशीनची कार्डं आली म्हनं?" कोंडाजी म्हणाले. "वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

"कोंडाजीदादा, हे घरचं हाय. मागाहून निवांत..."

"आरं, कोंडाजी उतेकराचं लपवन्यासारखं काय हाय? वाच!"

कोंडाजी फॉर्म भरताना नेमकं काय सांगून बसले होते, हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं की मशीनच्या गप्प राहण्यावर त्यांचा विश्वास होता, कोण जाणे. काशीरामने कार्ड डोळ्यांसमोर धरलं. घसा खाकरला. एकवीस वर्षांत त्याने वाचताना एक कानासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता.

"श्री. कोंडाजी उतेकर यांस," तो म्हणाला. "आपल्या घरात... एकोपा उत्तम आहे. पतिपत्नीत... फार समजूत आहे. असेच चालू ठेवावे."

ओटीवर वाहवा झाली. कोंडाजींनी मिशीवरून हात फिरवला. दाराआडून रखमाबाई म्हणाली, "बया, मुंबैला बसून कसं कळलं ओ त्याला?"

"मशीन हाय ते," कोंडाजी म्हणाले. "हुशार असतंय."

तिथेच काशीरामची वाट चुकली. एकाचं चांगलं निघाल्यावर बाकी एकसष्ट घरांना आपलंही ऐकायचं होतं, तेही चारचौघांत. दोन दिवस तो ओटीओटीवर बसून कार्डं वाचत होता, म्हणजे रचत होता. आनंदीबाईंच्या कार्डावर 'सासूबाईंची सेवा करावी' असं निघालं. सुनांनी एकमेकींकडे पाहून नाकं मुरडली आणि आनंदीबाईंनी काहीच ऐकू आलं नाही अशा चेहऱ्याने ते सगळं पाहून घेतलं. भागोजीला 'गुडघ्यांस शेक चालू ठेवावा' असा सल्ला मिळाला. भागोजीने एकदा काशीरामकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे. आपण मशीनला काय सांगितलं होतं ते त्याला पक्कं आठवत होतं. "मशीनबी शेवटी मानसासारखंच म्हनायचं," असं पुटपुटत त्याने कार्ड बंडीच्या खिशात टाकलं.

चांगलं तरी किती आणि कुठून आणायचं? तिसाव्या कार्डापाशी काशीरामचे शब्द संपले. मग जुन्या पत्रांतली वाक्यं उपयोगी पडू लागली. 'तुमच्या कृपेने सर्व कुशल' तीन घरांत वाचून झालं. चौथ्या घरी कुशाबाने हरकत घेतली. "कोंडाजीच्या घरात एकोपा निघाला, आनि माज्या घरात नुसतं कुशल? मशीनला आमचा काय राग हाय का?" मग कुशाबालाही एकोपा द्यावा लागला, कोंडाजीपेक्षा थोडा कमी.

तिसऱ्या दिवशी शेवटची चार-पाच कार्डं उरली. त्यातलं एक तुळजाबाईचं होतं आणि ते काशीरामने मुद्दाम मागे ठेवलं होतं.

तुळजाबाई सदू मोऱ्याची बायको. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरात सासू, आणि सदू मुंबईला एका कारखान्यात. तिला दर पंधरवड्याला येणारं पत्र सात महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं. रोज काशीराम दिसला की ती ओटीच्या कडेला येई आणि काही विचारायच्या आत तोच मान हलवी. कार्डावर लिहिलं होतं, 'पतीने आपणास सोडले असण्याची शक्यता शेकडा ८२. सल्ला. माहेरी जाण्याचा विचार करावा.'

"काशीरामदादा," तुळजाबाई म्हणाली. ती एकटीच होती, सासू शेतावर. "माजं काय आलंय?"

काशीराम पाटावर बसला नाही. उभ्यानेच त्याने कार्ड धरलं. तिचे डोळे कार्डावर नव्हते. त्याच्या तोंडावर होते.

"लिवलंय," काशीराम म्हणाला, "लिवलंय की नवरा गनपतीला येईल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. एकोपा आणि कुशल यांना तारीख नसते. गणपती पंधरा दिवसांवर आले होते.

तुळजाबाईने कार्ड हातात घेतलं आणि पदराने पुसलं, त्यावर काही नव्हतं तरी. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने ओटी सारवायला घेतली, तिसऱ्या दिवशी सासूने कोंबडा कुणाला विकायचा नाही असं ठरवलं. काशीराम वाटेने जाताना दोघी त्याला हाका मारून चहा पाजू लागल्या. काहीतरी निमित्त सांगून तो कप तसाच ठेवून निघे.

"जेवत का नाय?" सुंदराबाईने विचारलं. "कुनाचं काय वाईट आलंय का?"

"कुनाचं नाय."

"मंग भाकरीनं काय पाप केलंय?"

त्या दिवशी काशीरामने पोस्टात बसून एक पत्र लिहिलं. जन्मभर त्याने दुसऱ्यांची पत्रं लिहिली होती. 'मी' लिहायचं तर ते कोंडाजीचं 'मी' किंवा भागोजीचं 'मी'. स्वतःचं 'मी' लिहायला त्याला तीन कागद लागले. 'सदू, मी काशीराम पोस्टमन. तुझी काय अडचण असेल ती असो. तुझ्या बायकोला मी एक खोटं सांगून बसलोय, की तू गणपतीला येतोस. तू आलास तर ते खोटं राहणार नाही. आला नाहीस तर मला त्या घरापुढून जायला तोंड नाही. तुझं कळलं ते माझ्यापाशी राहील.'

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने सदू आला. हातात पत्र्याची पेटी, अंगाने वाळलेला. कारखाना बंद पडला होता. नवीन काम मिळेपर्यंत घरी काय लिहायचं ते सुचेना, आणि मिळाल्यावर इतके दिवस का लिहिलं नाही ते सुचेना, असे सात महिने गेले होते. त्याने काशीरामला पाहिलं आणि नुसती मान हलवली.

गावात मात्र मशीनचा जयजयकार झाला. मुंबईला बसून मशीनने सदूला ओढून आणलं! कुशाबा म्हणाला, बांधाच्या वादाचं पण त्यालाच विचारू. कुणी म्हणालं, एक नारळ वाढवून पाठवावा. काशीराम आरतीला जाऊन मागे उभा राहिला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

पण मुंबईत राहिलेल्या माणसाला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तुळजाबाईने ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सदू दाढी करायला आरशासमोर बसला.

"सोडलं?" त्याचा आवाज खालच्या आळीपर्यंत ऐकू गेला. "मी तुला सोडलं असं तू त्या बाईला सांगितलंस?"

"मी कुटं सांगितलं!" तुळजाबाई म्हणाली. "तिनं इचारलं, नवऱ्याचं पत्र कधी येतं. मी म्हनलं, दोन म्हैने नाय. तेवढंच!"

"मंग ब्याऐंशी टक्के कुठनं आले?"

"ते मला काय ठावं? काशीरामदादांनी तर तू येशील म्हनून वाचलं!"

हे शेवटचं वाक्य ऐकायला कुंपणाबाहेर आठ माणसं उभी होती. घटकाभरात ते वाक्य त्रेसष्ट घरांत गेलं, आणि प्रत्येक घरात कुणीतरी आपापलं कार्ड शोधून हळूच धोतराच्या सोग्यात, चोळीत, तांदळाच्या कणगीत खुपसलं. मशीनला आपण काय सांगितलं होतं ते आता ज्याला त्याला लख्ख आठवू लागलं होतं.

संध्याकाळी काशीरामला कोंडाजींच्या ओटीवर बोलावणं आलं. या वेळी पाट नव्हता. तो पायरीशीच उभा राहिला. इथवर यायला एकवीस वर्षं लागली आणि खाली उतरायला एक कार्ड पुरलं, असं त्याला वाटून गेलं.

"काशीराम," कोंडाजी म्हणाले, "कार्डावर येक व्हतं आनि तू वाचलंस दुसरं. खरं का?"

"खरं."

"सगळ्यांचीच कार्डं वाचलीस तू?"

"सगळी."

कुणी विडी विझवली, कुणी उगाच पायाचा अंगठा पाहिला.

"म्हंजी तुला सगळं ठावं हाय," कुशाबा म्हणाला.

"हाय."

"हे काय बरं नाय," एक जण मागून म्हणाला. "लोकाचं टपाल बदलून वाचतो म्हंजी काय! आत्ताच्या आत्ता खरं वाचायला लावा."

"वाचतो," काशीराम म्हणाला. "चुकी माजी हाय. आनि आता वाचीन ते अक्षरन् अक्षर खरं वाचीन. आना कार्डं. कुनाचं पयलं घेऊ?"

कुणी हललं नाही. कोंडाजींनी भागोजीकडे पाहिलं, भागोजीने गुडघा चोळायला सुरुवात केली. काशीराम वाट पाहत राहिला. मग त्याने जवळच कुडाला टेकून बसलेल्या आनंदीबाईंकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच विचारलं, "काकू, तुमचं वाचू?"

"माजं नको!" आनंदीबाई ताडकन म्हणाल्या.

मग त्यांना आठवलं. त्यांनी हळूच हात कानामागे नेला, पण उशीर झाला होता. दोन्ही सुना तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि अकरा वर्षांत आपण काय काय बोललो याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत होता.

पहिल्यांदा भागोजी हसला. मग सगळी ओटी हसली. हसता हसता कोंडाजींनी डोळे पुसले, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काशीराम, माजं तू वाचलंस तेच बरोबर व्हतं. काय?"

"तेच बरोबर," काशीराम म्हणाला.

"रखमे, पाट आन गो," कोंडाजी म्हणाले. आणि मग जरा सांभाळून, "म्हंजी, तुला येळ असला तर."

दसऱ्यानंतर फॉर्मवाली बाई पुन्हा आली. सल्ल्याचा काय परिणाम झाला हे तपासायची दुसरी फेरी होती. काशीराम तिला शाळेत जाऊन भेटला.

"बाई, तुमी सांगितलं व्हतं, सगळं गुपित ऱ्हाईल."

"राहिलंच की," बाई म्हणाली. "कोणीही माणसाने वाचलेलं नाही. मशीननेच निष्कर्ष काढला, मशीननेच छापलं, पत्ते पण मशीननेच घातले."

"आनि गावात कुनी आनलं?"

"पोस्टाने."

"पोस्ट म्हंजी मी," काशीराम म्हणाला.

बाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हा प्रश्न तिच्या चौसष्ट प्रश्नांत नव्हता. ती वाईट नव्हती. "पुढच्या वेळी बंद पाकिटं पाठवायला सांगते," ती म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तुळजाबाईचं त्याने नाव न घेता सांगितलं, तेव्हा मात्र तिने वही मिटून ठेवली.

गाव आता शहाणं झालं होतं. बाईने काहीही विचारलं, की लोक म्हणत, "ते काशीरामला इचारा." घरात निर्णय कोण घेतं? काशीरामला ठावं. मनातलं कोणाला सांगता? काशीरामला. अडीअडचणीला कोण उभं राहतं? काशीराम. बाईने समजावून पाहिलं, पण लोकांना मशीनपुढे आता एक अक्षर जास्तीचं बोलायचं नव्हतं. शेवटी रकाने रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून ती बिचारी जे ऐकलं ते भरत गेली.

महिन्याभराने मंडळाचं पत्र आलं. या वेळी एकच होतं, काशीरामच्या नावाचं, आणि खरोखरच बंद पाकिटात. त्याने ते घरी आणून चुलीपाशी बसून फोडलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय लिवलंय?" सुंदराबाईने तवा उतरवत विचारलं. "आता मला खरं सांगायचं. बाकीच्यांना फसवलंत तसं नाय चालायचं."

काशीरामने तिच्याकडे पाहिलं. आता खोटं वाचायचं नाही हे त्याने गणपतीतच ठरवलं होतं. त्याने पत्र दिव्याकडे धरलं आणि अक्षरन् अक्षर वाचलं.

"श्री. काशीराम हाटे यांस. यंत्राचा निष्कर्ष. आपण पळसकोंड येथील एकेचाळीस कुटुंबांचे कर्ते पुरुष आहात. सल्ला. यापुढे कुटुंब वाढवू नये."

सुंदराबाईने तवा बाजूला ठेवला.

"अवो," ती म्हणाली, "नसंल सांगायचं तर नका सांगू. पन असलं कायबाय रचून सांगू नका."